मागचे दोन टायर जवाईबुवांचे

सावळदरीच्या तलावात बोटुकली सोडायची, आणि जिवंत सोडायची, एवढाच त्या मोहिमेचा उद्देश होता. बोटुकली म्हणजे माशांची बोटाच्या पेराएवढी पिल्लं. रोहू, कटला, मृगळ. आर्णीच्या अलीकडे एका केंद्रात ती प्लास्टिकच्या फुगीर पिशव्यांत भरून देतात. खाली पाणी, वर कोंडलेला ऑक्सिजन आणि तोंडाला रबराचा करकचून पीळ. तो ऑक्सिजन दिवस मावळेपर्यंत कसाबसा पुरतो. त्यानंतर पिल्लं पोट वर करून तरंगायला लागतात, मग कोणी कितीही देव पाण्यात ठेवोत.

महागावच्या पलीकडच्या डोंगरातला तो तलाव गावातल्या बायकांच्या गटाला मिळाला होता आणि गटाची प्रमुख होती नंदकिशोरची आत्या, तानाबाई. तलाव मिळवायला तिनं कचेरीच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या होत्या की शेवटी साहेबांनीच कंटाळून सही केली असावी. अट एकच होती. या पावसाळ्यात तलावात बीज, म्हणजे ही बोटुकली, पडलंच पाहिजे. नाही पडलं, तर तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे. पाऊस लांबला, मग एकदम कोसळला, रस्ते बंद झाले, असं करता करता केंद्रातली शेवटची खेप उरली. ही मेली तर यंदा दुसरी मिळणार नव्हती.

खेप न्यायची जबाबदारी नंदकिशोरची. तो कळंबचा, चारही चाकं ओढणाऱ्या एका दणकट पिकअपचा मालक. कापूस, सोयाबीन, सिमेंट, लग्नाचं वऱ्हाड, काय म्हणाल ते त्यानं त्या गाडीतून वाहिलं होतं. टायर मात्र घासून घासून गुळगुळीत झाले होते. डोंगर चढायचा म्हणून त्यानं महिनाभर चौकशी केली, दहा जणांची डोकी खाल्ली आणि ठरवलं की घ्यायचे ते ऑलटेरेन टायर. आपलं निम्मं चालणं डांबरावर, निम्मं शेताशिवारात. तेव्हा खाचा बेताच्या खोल हव्यात, आणि त्यांची तोंडं बाजूनं मोकळी हवीत, म्हणजे चिखल चाक फिरता फिरता झटकला जातो. यवतमाळच्या बाबारावांच्या दुकानात चारही टायर बाजूला काढून ठेवलेले होते. सगळं कसं ठरलेलं होतं!

आणि नेमका अधिक महिना आला. धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे आणि तो जे बोलेल त्याला मान डोलवायची. नंदकिशोरची धाकटी बहीण अनघा वणीला दिलेली. तिचा नवरा अवधूत कोळशाच्या खाणीवर कामाला. माणूस तसा साधा, जेवला की खूश. पण जेवता जेवता नंदकिशोरच्या तोंडून रीत म्हणून निघून गेलं, "जवाईबुवा, टायर घ्यायला जाऊन राह्यलो. तुमचं काय मत?"

आता विचारायची रीत असते, सांगायची नसते. समोरच्यानं "तुम्ही घ्याल ते बरोबरच" असं म्हणून दुसरा धोंडा वाढून घ्यायचा असतो. अवधूतनं हात धुतले आणि तो म्हणाला, "मी येतो संग."

दुकानात त्यानं बाजूला काढलेल्या टायरांना बुटाच्या टोकानं टोचलं. "हे? हे तं पोट्ट्याच्या सायकलीले लावा! आमच्या वणीले पाहा, खाणीतले टायर. असे हाताएवढाले ठोकळे! दगड खातेत, दगड!" आणि बाबारावांच्या दुकानात दुर्दैवानं तसे दोन होते. दोनच होते. कोणीतरी ऑर्डर देऊन न्यायला आलंच नव्हतं.

नंदकिशोरनं बायकोला फोन लावला. कुंदा दबक्या आवाजात म्हणाली, "चार लोकांत जवायाचं मन मोडता काय? अनघाले काय वाटन? अन् तेही धोंड्याच्या महिन्यात!" खेपेसाठी कळंबला येऊन राहिलेली तानाबाई तिच्या हातून फोन घेऊन म्हणाली, "घे दोन त्याह्यच्या मनाचे. तुले कायचं जड होऊन राह्यलं?"

अशा रीतीनं पिकअपला पुढं दोन टायर मालकाच्या पसंतीचे आणि मागं दोन जावयाच्या मानाचे लागले. बाबाराव नट आवळता आवळता म्हणाले, "मागचे उंच, पुढचे बुटके. चारही चाकांले जोर देसान तं गाडीच्या पोटात पीळ पडन, सांगून ठेवतो. हे गाडी हाय का बैलजोडी, एक बैल तुमचा, एक त्याह्यचा?" नंदकिशोरनं पैसे मोजले. तोंडावर जे आलं होतं ते अधिक महिन्यात बोलायचं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशव्या भरून मोहीम निघाली. नंदकिशोर स्टिअरिंगवर, शेजारी अवधूत. तानाबाई मागं हौद्यात, ताडपत्रीखाली, पिशव्यांच्या मधोमध बैठक मारून. पुढं बसायला तिनं साफ नकार दिला. "लेकरं मागं अन् मी पुढं? नाही जमत," असं म्हणून तिनं पदर खोचला. अवधूतला कोणी यायला सांगितलं नव्हतं. पण "टायर चालतेत कसे ते पाहतो" म्हणून तो आपण होऊन बसला होता.

डांबरी रस्त्यावर मागचे टायर असे घोंघावायला लागले की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. अवधूत ओरडला, "आवाज आयकता ना? दमदार!" नंदकिशोरनं दात आवळले. आर्णी गेली, महागाव गेलं, फाटा आला, गाडी डोंगराकडे वळली, आणि अवधूतचं "हळू घ्या", "आता दाबा", "गड्डा हाय" अखंड चालूच होतं. गड्डा नंदकिशोरलाही दिसत होता. त्याला डोळे होते!

सावळदरीच्या अलीकडे एक नाला आडवा येतो. त्यावर बुटका रपटा आहे, पाणी वरून जाईल असा बांधलेला. त्या दिवशी पाणी नुसतं वरून जात नव्हतं, रपटा आहे की नाही हेच कळत नव्हतं! तांबडं, फेसाळ पाणी घों घों करत धावत होतं आणि त्यातून पळसाचं अख्खं झाड मुळासकट गेलं. पलीकडच्या काठावर दोन माणसं हात हलवून "येऊ नका" सांगत होती.

"निघते आपली गाडी," अवधूत म्हणाला. "हे टायर..."

"नाही निघत!" नंदकिशोर त्या दिवशी पहिल्यांदा जोरात बोलला. मग जीभ चावून पुढं म्हणाला, "म्हणजे, जवाईबुवा, आत्या हाय मागं."

मागून ताडपत्री उचलून तानाबाईनं डोकं बाहेर काढलं. "पांदणीनं घे. डोंगराच्या अंगानं जुनी पांदण हाय, थे डायरेक तलावाच्या पाळीवर निघते. मी लग्न होऊन आलती तवा त्याच वाटेनं आलती."

"गाडीत?"

"बंडीत, लेका!"

पांदण म्हणजे दोन्हीकडच्या शेतांमधून गेलेली बैलगाडीची वाट. पहिला भाग काळ्या मातीचा. वऱ्हाडातल्या काळ्या मातीचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगायला नको. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात पाय धरते आणि धरला की सोडत नाही. पुढचे टायर आत गेले, माती घेतली, फेकली, पुन्हा घेतली, पुन्हा फेकली. मागच्यांनी मात्र घेतली ती ठेवलीच! त्या हाताएवढाल्या ठोकळ्यांच्या मधल्या खाचा बाजूनं बंद होत्या. खाणीतला दगड अडकू नये म्हणून त्या तशा केलेल्या; माती आत शिरली की बाहेर पडायला वाटच नव्हती. पन्नास पावलांत दोन्ही चाकांचे लाडू झाले. ना ठोकळा, ना खाच. गोल, काळे, चकचकीत लाडू! गाडी जागच्या जागी घरघरली, मागून तिरकी झाली आणि बसली.

"दाबा, दाबा!" अवधूत म्हणाला.

"दाबूनच राह्यलो!"

"मग कमी दाबा!"

नंदकिशोर दार उघडून खाली उतरला. पोटरीपर्यंत पाय आत गेला. बाहेर काढला तेव्हा चप्पल आतच राहिली होती. त्यानं एक खुरपं काढलं आणि चाकाशी बसून माती खरवडायला लागला. तिकडे तानाबाईनं हौद्यातून सांगितलं की शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पऱ्हाट्यांचा ढीग आहे. कापसाच्या त्या वाळक्या काड्या भिजून काळ्या पडल्या होत्या. नंदकिशोरनं कवळे भरभरून आणल्या, चाकाखाली कोंबल्या, गाडी चार हात पुढं सरकली आणि पुन्हा लाडू. पुन्हा खुरपं. पुन्हा पऱ्हाट्या. अवधूतही कवळे आणायला लागला, एवढं त्याचं कौतुक; पण तोंड मिटलं नाही. "हे माती खराब हाय इथली," तो म्हणाला. "आमच्या वणीची माती वेगळी."

एका झटक्यात गाडी अशी उसळली की मागून 'फट्' आवाज आला. सगळे थबकले. तानाबाईच्या मांडीवरून पाणी ओघळलं. एक पिशवी फुटली होती, आणि हौद्याच्या पत्र्यावर चंदेरी पिल्लं ताडताड उडत होती. तानाबाई ती ओंजळीत धरायला गेली, पण पिल्लं निसटली, फटीतून खाली पांदणीच्या चिखलात पडली. तिनं बाकीच्या पिशव्या दोन्ही हातांनी पोटाशी ओढल्या आणि नंदकिशोरकडे पाहिलं. ते पाहणं त्याला शिवीपेक्षा जड गेलं.

काळी माती संपली तेव्हा सूर्य ढगांमागं बराच कलला होता. आणि समोर चढ! मुरमाचा, निसरडा, एका गाडीपुरता. एका अंगाला सागाचं रान, दुसऱ्या अंगाला ओढ्याची खोल दरी, आणि वर, पार वर, तलावाची पाळ, मातीचा बांध. नंदकिशोरनं चारही चाकांना जोर दिला. गाडीच्या पोटातून असा कण्हल्यासारखा आवाज आला की बाबाराव आठवले. पुढची चाकं मुरूम पकडत होती, पण चढावर सगळं वजन मागं गेलेलं, आणि मागं कोण? जावयाचे लाडू! अर्ध्या वाटेवरून गाडी हळूच, अगदी आदबशीर, मागं घसरत पुन्हा पायथ्याशी आली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

नंदकिशोरनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. सांगायला हवं होतं, त्या दुकानातच सांगायला हवं होतं, असं त्याला राहून राहून वाटत होतं. रागानं डोळ्यांत पाणी आलं. दोन टायर! दोन टायरांपायी आत्याचा तलाव चालला होता!

"उलटी घ्या," अवधूत म्हणाला.

"काय?"

"रिवर्स. वजन उताराकडच्या चाकांवर येते ना? मग तुमचे टायर उताराकडं येऊ द्या. खाणीत मातीच्या ढिगाऱ्याच्या कडेपर्यंत डंपर उलटेच घ्या लागतेत. कडेवर उभा राहून मीच त्याह्यले हात दाखवतो. थेच तं काम हाय माहं."

दिवसभरात हे त्याचं पहिलं वाक्य होतं ज्यात फुशारकी नव्हती. नंदकिशोरनं त्याच्याकडे पाहिलं, चढाकडे पाहिलं, मावळतीकडे पाहिलं. पायथ्याच्या सपाट तुकड्यावर त्यानं गाडी वळवली. आता हौदा वर, तोंड खाली. अवधूत मागच्या बाजूला, चढावर जाऊन उभा राहिला. दोन्ही हात वर.

"येऊ द्या... येऊ द्या... थोडी डावी... सरळ... येऊ द्या!"

गाडी चढायला लागली! पुढच्या टायरांवर इंजिनचं सारं वजन आलं होतं. त्यांनी मुरूम चावला आणि गाडीला वर ढकललं. पोटातून कण्हणं चालूच होतं, पण गाडी चढत होती. नंदकिशोर आरशात फक्त अवधूतचे हात पाहत होता. पाव चढ. अर्धा चढ. मघा हरलेली जागा गेली.

आणि गाडीचं तोंड सटकलं!

मुरमाचा एक थर खालून निसटला आणि पुढची चाकं दरीकडे घसरली. उजवीकडे नंदकिशोरच्या दाराखाली रस्ता नव्हताच; खाली सागाचे शेंडे दिसत होते. मागं पिशव्या एका अंगाला गडगडल्या. तानाबाई किंचाळली.

"उजवी काट!" अवधूत गरजला. "दरीकडं काट! ब्रेक नको! दरीकडं काट, नंद्या!"

दरीकडं? दरी उजवीकडेच होती! ज्या माणसाच्या सल्ल्यानं हा सगळा दिवस मातीत गेला होता, तो माणूस आता दरीकडे स्टिअरिंग वळवायला सांगत होता! नंदकिशोरचा पाय ब्रेककडे गेला. आरशात त्यानं एकदा पाहिलं. अवधूत गाडीच्या मागं, उजव्या कोपऱ्याशी, टाचा दरीच्या काठावर टेकवून उभा होता. गाडी दरीकडे वळली तर आधी तोच खाली जाणार होता. तरी तो हटला नव्हता. हात वर होते आणि खूण ठाम होती.

नंदकिशोरनं स्टिअरिंग उजवीकडे मारलं. पाय हलकासा दाबला.

हौदा अवधूतच्या अंगावर आला. आणि त्याच क्षणी गाडीचं तोंड, दरीच्या काठावरून खरडत, डावीकडे, आत, रस्त्यावर आलं! उलट्या चालीत चाकं जिकडे वळवावी त्याच्या विरुद्ध अंगाला तोंड फिरतं, हे नंदकिशोरला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि दरी समोर असताना ते आठवणं वेगळं.

"सरळ! सरळ कर! येऊ दे! येऊ दे लेका, येऊ दे!"

गाडी पाळीवर चढली तेव्हा नंदकिशोरचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. अवधूत खाली उकिडवा बसला होता. तानाबाई आधीच उतरली होती. "बसता कायले? पिशव्या काढा!" ती ओरडली.

पाळीवर गटाच्या बायका वाट पाहत होत्या. त्यांतली लालीबाई तर गुडघाभर पाण्यात जाऊन उभी होती. हातोहात पिशव्या खाली गेल्या. अवधूत उत्साहात एका पिशवीचं रबर सोडायला लागला तशी तानाबाईनं त्याच्या हातावर चापट मारली. "थांबा! आधी तशीच तरंगू द्या. पिशवीतलं पाणी अन् तलावातलं पाणी सारखं थंड झालं का मंग सोडाची. नाहीतर झटक्यानंच मरतीन." जावयाच्या हातावर चापट! नंदकिशोरनं डोळे मिटून घेतले.

फुगीर पिशव्या पाण्यावर डुलत राहिल्या. आत काही हलत होतं की नाही, त्या मंद उजेडात दिसत नव्हतं. मग तानाबाईनं पहिली पिशवी सोडली आणि तिचं तोंड हळूच पाण्याखाली तिरपं केलं. पिल्लं बाहेर सांडली आणि तशीच थांबली. नुसती लोंबकळल्यासारखी, निपचित. लालीबाईनं तोंडावर पदर घेतला.

एक हललं. मग दुसरं. आणि मग सगळाच्या सगळा थवा एका झटक्यात वळला आणि खोल पाण्यात दिसेनासा झाला!

"गेली! माय, गेली व!" तानाबाई रडत होती आणि हसत होती, आणि दुसरी पिशवी सोडत होती. शेवटची पिशवी रिकामी झाली तेव्हा ती कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून अवधूतकडे वळली. "जवाईबुवा, तुम्ही होते म्हणून तलाव राह्यला. पण एक सांगू काय? तुमचे टायर भंगार निघाले."

नंदकिशोरनं कपाळाला हात लावला. लग्नापासूनच्या अकरा वर्षांत या घरातून अवधूतला असं कोणी बोललं नव्हतं. आता हा रुसणार, अनघाला फोन जाणार, दिवाळीला तोंड फिरवलेलं असणार. पण अवधूतनं खांदे असे खाली सोडले जसं कोणी डोक्यावरचं पोतं उतरवून ठेवलं.

"हाव ना, आत्याबाई," तो म्हणाला. "टायरातलं मले काय समजते? मी फक्त हात दाखवतो. टायर कोणते घ्याचे ते दुसरेच लोकं ठरवतेत."

"मग सांगितलं काहून?" नंदकिशोरचा तोल गेला. "दुकानात एवढं भाषण ठोकलं ते कायले?"

"तुम्ही इचारलं काहून?" अवधूतही चढला. "चार लोकांत जवायाले मत इचारता अन् जवायानं काय म्हणाचं, मले माहीत नाही? लग्न झालं तवापासून तुम्ही मले इचारूनच राह्यले! बोअर कुठी मारू, गाय कोणती घेऊ, स्लॅबले सळई किती टाकू. अन् मी आपला सांगूनच राह्यलो! थो बोअर कोल्डा गेला, थेंब नाही लागला, तवा मी दोन दिवस जेवलो नाही, इचारा अनघाले. थकलो ना बा मी!"

तानाबाईनं ओल्या पदरानं तोंड पुसलं. नंदकिशोरला दिवसभर जे जे बोलायचं होतं ते सगळं तिथंच विरघळून गेलं. आपण रीत म्हणून विचारत होतो आणि तो रीत म्हणूनच सांगत होता. त्या रीतीपायी दोन चुकीचे टायर डोंगरावर येऊन बसले होते.

थेंब पडायला लागले. चढावरचा मुरूम पुन्हा चमकायला लागला. त्या वाटेनं उलटं चढणं एक, उतरणं दुसरंच. नंदकिशोर अवधूतच्या शेजारी दगडावर बसला. आणि या वेळी त्यानं खरंच उत्तर हवं म्हणून विचारलं, "उद्या उतराचं कसं, अवधूत?"

अवधूतनं वाट पाहिली. मागचे टायर पाहिले, पुढचे पाहिले. पुन्हा वाट पाहिली.

"मले नाही माहीत," तो म्हणाला, आणि दोन्ही पाय लांब करून मोठ्यानं, समाधानानं हसला.